बाबांकडून घेतलेली चाबी

मी माझ्या वडिलांकडून गाडीची चाबी काढून घेतली ती एका वासापायी. ही गोष्ट बाबांखेरीज मी आजवर दोनच माणसांना सांगितली. एक माझी बायको, जिला ती आधीच ठाऊक होती, आणि दुसरा आमचा मिस्त्री, ज्याने ती मला समजावून दिली होती. म्हणजे खरं पाहता कुणालाच सांगितली नाही. आता बाबा नाहीत, मिस्त्रीही नाही, आणि मी स्वतः अशा वयाला येऊन ठेपलो आहे की घरातली मंडळी माझ्यावर बारीक लक्ष ठेवू लागली आहेत. तेव्हा सांगून टाकतो.

बाबा सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. बोर धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्या जंगलात धड पायवाटा नव्हत्या, तिथे त्यांनी साहेबलोकांना नेलं-आणलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे ते फुशारकीने सांगत नसत, कुणी विचारलं तर सांगत. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांत घराच्या गळक्या कवेलूंच्या जागी स्लॅब टाकायचा असं घरात ठरलं होतं. बाबा मात्र जाऊन एका कापसाच्या व्यापाऱ्याची जुनी राखाडी गाडी घेऊन आले. तिचा मागचा दरवाजा उचलून धरल्याशिवाय लागत नसे, आणि मागच्या सीटची स्प्रिंग बसणाऱ्याला सुखाने बसू देत नसे. मी चिडलो. मी लवकर चिडतो, तेव्हाही चिडत असे. बाबा म्हणाले, "आजवर दुसऱ्याची चालवली. आता थोडी माही चालवू दे." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बरंच बोललो.

मी वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याची खरी लाज त्यात आहे. निरीक्षण करा, अनुमान काढा, अनुमान पडताळून पाहा, मगच निष्कर्ष लिहा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. एखाद्या पोराने प्रयोग न करताच निष्कर्ष लिहिला तर त्याची वही भिरकावून देत असे.

बाबांचा गाडी घेण्यामागचा हेतू एकच होता, तो म्हणजे आत्या. ती त्यांची मोठी बहीण, तिला ते बाई म्हणत. त्यांची आई लहानपणीच गेली होती, आत्यानेच त्यांना वाढवलं. ती हिंगणीच्या पुढे आतल्या एका खेड्यात मुलाकडे राहायची, आणि कंबर गेल्यापासून खाटेवरच असायची. एस. टी. फाट्यावर सोडायची, तिथून चार-साडेचार मैल चालत. बाबांचे गुडघे त्या कामाचे राहिले नव्हते. गाडी आल्यापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता बाबा निघत. धोतर बदलून पँट घालत, कारण धोतर नेसून स्टिअरिंगवर बसणं त्यांना पटत नसे. आत्यासाठी मऊ पेढे, एखादं पातळ, कधी नुसतीच पानाची चंची. दिवसभर बहीण-भाऊ बसून काय बोलत कोण जाणे. एकदा मी बरोबर गेलो होतो तेव्हा दोन तास दोघं गप्पच बसली होती, आणि निघताना आत्या म्हणाली, "बरं झालं आलास भाऊ, लय बोलणं झालं."

वास पहिल्यांदा आला तो पौषात. बाबा माझ्या बायकोला आणायला स्टेशनवर गेले होते. गाडी फाटकात उभी राहिली आणि अंगणभर करपट, उग्र दर्प सुटला. बायकोने पदर नाकाला लावला. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. स्टेशनच्या बाजूला एका निंबाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज होतं. माणूस बाबांच्याच वयाचा, बाबांना मानणारा. त्याने बाबांना गाडी घेऊन समोरच्या रस्त्याने एक चक्कर मारून यायला लावलं. परत आल्यावर त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. आधी चारी बाजूंनी फिरून नाकाने हुंगलं. मग प्रत्येक चाकाजवळ हाताची पालथी बाजू धरली.

"मागची दोनी तापून राह्यली," तो म्हणाला, आणि दरवाजातून आत पाहून हसला. "काकाजी, हँडब्रेक अर्धा वरच हाये."

बाबा ओशाळले. कान लाल झाले त्यांचे. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "अजी, साऱ्याईचंच होते. माह्याच पोरानं आठ दिवसांमागं ट्रक नेलता तसाच." मग माझ्याकडे वळून त्याने शिकवणी घेतली. "मास्तर, वास वास अलग असते. ऑइल सायलेन्सरवर पडलं तर तळणाचा वास येते. वायर जळली तर नाकात खुपते. ब्रेक तापला तर असा, आताच्यासारखा. नाकाले नाई समजलं तर हात लावून पाह्यजो. चाक तापलं असन तर ब्रेक. चाक थंडं असन तर खाली वाकून पाह्यजो, काय जळून राह्यलं ते."

इतकं साधं होतं ते. पाचवीच्या पोरालाही जमलं असतं. मी मान डोलावली, आणि डोक्यात मात्र एवढंच नेलं की बाबा हँडब्रेक विसरतात.

फाल्गुन लागला. आमच्याकडे फाल्गुनात डांबरी रस्त्याचं खळं होतं. जवस, हरभरा, लाखोळी, जे काही मळायचं ते लोक रस्त्यावर पसरून देतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ते मळून निघतं. बाया बाभळीच्या सावलीला सूप घेऊन बसतात आणि गाडी दिसली की उठून हात करतात. कडेने गाडी काढणारा ड्रायव्हर त्यांच्या मते माणसातच जमा नाही. बाबा तर शेतकऱ्याच्याच पोटचे. ते पसरलेल्या जवसावर गाडी अगदी हळू नेत, पार टोकापर्यंत जात, मग मागे घेत, पुन्हा पुढे. एखादी म्हातारी एकटीच दिसली तर चार-चार फेऱ्या. त्यात त्यांना कोण आनंद व्हायचा! घरी आल्यावर सांगत, "आज एका बुढीचा अर्धा जवस मीच मळून देला."

हिंगणीच्या रस्त्याला त्या वर्षी जवसच जवस होता. आणि त्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी बाबा परतले तेव्हा वास पुन्हा आला.

मी ओसरीवर पेपर तपासत होतो. जागचा न उठता विचारलं, "बाबा, ब्रेक उतरवला होता का?"

"उतरवलता ना," ते म्हणाले.

"मग वास कायचा येते?"

ते गाडीकडे पाहत उभे राहिले. नाक वर करून त्यांनी वास घेतला. म्हणाले, "हा वास त्या दिवसासारखा वाटत नाई." मी हसलो. आजही ते हसणं आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. अंगणात पंधरा पावलं चालून चाकाला हात लावायचा होता, बस. पण मला उत्तर आधीच माहीत होतं, आणि उत्तर माहीत असलेला मास्तर फळ्यापर्यंत कशाला जातो?

मी त्यावर उपाय केला. बायकोच्या जुन्या साडीची लाल किनार फाडून हँडब्रेकच्या दांड्याला बांधली, नजरेत भरावी म्हणून. बाबांनी ती चिंधी पाहिली. पुढच्या रविवारी निघताना दांडा खाली करून ते मोठ्याने म्हणाले, "ब्रेक खाली." मला ऐकू यावं म्हणून. बत्तीस वर्षं जंगलात जीप चालवलेला माणूस, आपल्याच अंगणात, आपल्याच मुलाला ऐकू जावं म्हणून पाढा म्हणावा तसं "ब्रेक खाली" म्हणत होता, आणि मला वाटलं, चला, उपाय लागू पडला.

संध्याकाळी वास आलाच.

त्या दिवशी बाबा उतरले आणि एक हात गुडघ्यावर ठेवून, दुसऱ्याने मडगार्ड धरून खाली बसायला लागले. गाडीखाली पाहायचं होतं त्यांना. जीप उंच असते, तिच्या पोटाला काडी लागत नाही, म्हणून नोकरीत त्यांना कधी तिच्याखाली असलं काही पाहावं लागलं नव्हतं. पण ड्रायव्हरची अक्कल त्यांना योग्य जागी घेऊन चालली होती. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून उठवलं. "खाली काय पाहता? वर पाहा. ब्रेक वर राहते तुमचा वाटेत. कुठं उतरून पुन्हा बसता तेव्हा राहून जात असन." मायेनेच बोललो मी, गुडघे दुखतील म्हणून. ते उठले. थोडा विचार करून म्हणाले, "फाट्यावर उतरलतो खरा. पाणी प्यालो." तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या मुलीला बरोबर नेलं. ती सहा वर्षांची होती, आबाजींच्या गाडीत पुढे बसायचं म्हणून आदल्या दिवसापासून नाचत होती. परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी थांबली, बाबा उतरून पोरीच्या बाजूला आले, आणि तेवढ्यात गाडीखालून, आसनाच्या बरोबर खालून, धुराची एक लड वर आली. बारीकच. पण पोरगी अजून आतच होती.

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं लिहवत नाही. पोरीला खेचून बाहेर काढलं. शेजारची दोन बिऱ्हाडं बाहेर येऊन पाहत होती. मी म्हणालो, तुमचं डोकं चालत नाही आता. म्हणालो, पोरीला जाळाल एक दिवस. पोरगी घाबरून रडत होती आणि रडता रडता मला सांगत होती, "आबाजींनी नाही केलं काही, आम्ही जवस मळला, मागेपुढे, मागेपुढे, खूप मळला." मी तिच्यावरही खेकसलो, तू गप्प बैस. सहा वर्षांच्या पोरीने मला निरीक्षण आणून दिलं होतं आणि मी तिची वही भिरकावून दिली.

मग मी हात पुढे केला. बाबांनी खिशातून चाबी काढली, दुपट्ट्याने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. ती पुसायची त्यांना सवय होती. ऑफिसात रोज संध्याकाळी जीपची चाबी जमा करताना ते तसंच करीत. साहेबाशी हुज्जत घालायची नाही, साहेब चूक म्हणाला की चूक, ही पण तिथलीच सवय. आपल्या हातून आपल्या मुलाला त्यांनी शिकवून साहेब केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी मी चालवू लागलो. शाळा, बाजार, दवाखाना. वास आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, वास नाही. बायकोला मी दोन-तीनदा बोलून दाखवलं, बघ, म्हटलं नव्हतं? ती उठून आत जायची. गावातल्या रस्त्यांवर जवस नव्हता, आणि खाली जे काय होतं ते जळून-झडून गेलं असणार, हे मला कसं सुचावं? माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. बाबांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं होतं, आणि तेच वाईट झालं.

मी कबूल केलं होतं, दर रविवारी मी नेईन. कबूल मनापासून केलं होतं. पण वार्षिक परीक्षा आल्या, मग निकाल, मग सासरकडचं लग्न, मग ऊन फार. पावसाळ्यापर्यंत मी त्यांना चार वेळा नेलं. ते एकदाही म्हणाले नाहीत की ने. रविवारी सकाळी पँट घालून ओसरीवर बसत. दहा वाजेपर्यंत बसत आणि मग आत जाऊन धोतर नेसत. मी ते पाहत असे. आतून मला टोचायचं आणि टोचलं की मला राग यायचा, तोही त्यांचाच. दोन वेळा ते न सांगता एस. टी.ने गेले. दुसऱ्यांदा परतले तेव्हा गुडघे एवढाले सुजले होते की चार दिवस मोरीपर्यंत धरून न्यावं लागलं.

श्रावणात आत्या गेली. मी त्या दिवशी शाळेची मुलं घेऊन देवळीला विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. गाडीची चाबी नेहमीप्रमाणे माझ्या खिशात होती. सकाळी अकराच्या सुमारास आतेभावाने पाठवलेला माणूस सायकलवर निरोप घेऊन घरी आला. गाडी अंगणात उभी होती. बायकोने शाळेत माणूस धाडला, शाळेतून देवळीला फोन लागेना. बाबा तासभर वाट पाहून एस. टी. स्टँडवर गेले. फाट्यावर उतरून चिखलातून चालत गेले. ते पोचले तेव्हा गावातली माणसं नदीवर आंघोळी करून परतत होती. पावसाची झड लागली म्हणून घाई केली, भाऊ, कुणी तरी त्यांना म्हणालं. मी तिथे दिवे लागता लागता गाडी घेऊन पोचलो. बाबा आत्याच्या रिकाम्या खाटेवर बसले होते. पँट मांडीपर्यंत चिखलाने भरली होती. मला पाहून म्हणाले, "गाडी बरी चालली ना रस्त्यानं?"

त्यानंतर बाबा हळूहळू लहान होत गेले. दुसरा शब्द मला सापडत नाही. बाहेरचं दार लावलं का ते पाहायला तीन-तीनदा उठत. बाजारातून आणायच्या दोन वस्तूंसाठीसुद्धा चिठ्ठी मागत. कुणी जुनी गोष्ट विचारली तर आधी माझ्याकडे पाहत, "असंच होतं ना रे?" त्यांना सगळं आठवत होतं. कोणत्या साहेबाला चहात साखर किती लागे हेसुद्धा. पण आपल्याला आठवतं यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. मी माझ्या ओळखीच्या लोकांना सांगत असे, आम्ही वेळेवर ओळखलं म्हणून बरं.

पुन्हा फाल्गुन आला. आतेभावाचा निरोप होता की आत्याची लाकडी पेटी बाबांच्या नावाने ठेवली आहे, घेऊन जा. बाबा म्हणाले, तूच आण, मले तिथं जाववत नाई. मी एकटाच गेलो. परतताना हिंगणीच्या अलीकडे रस्ताभर जवस पसरला होता आणि एक म्हातारी सूप घेऊन उभी होती. तिने हात केला. माझा स्वभाव असा नाही, पण डिकीत आत्याची पेटी होती आणि मन जरा मऊ झालं होतं. मी गाडी जवसावरून हळू नेली. ती म्हणाली, "अजून एक फेरी मार ना बापा." मी मागे घेतली, पुन्हा नेली. तीन फेऱ्या मारल्या. तिने हात उंच करून काही तरी चांगलं म्हटलं.

घरी आलो, गाडी बंद केली. खाली उतरणार तोच तो वास आला.

मी तसाच बसून राहिलो. दांड्याला लाल किनार अजून होती, विटलेली. दांडा पूर्ण खाली होता. वाटेत मी कुठेही थांबून उतरलो नव्हतो.  मग, वर्षभराने, मी उतरून मागच्या चाकाजवळ हाताची पालथी बाजू धरली. चाक कोमट होतं, बाकीच्या चाकांइतकंच.

सकाळी मिस्त्रीकडे गेलो. त्याने हुंगलं, चाकांना हात लावला, आणि जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली सरकला. थोड्या वेळाने तिथूनच हसला. आकडी आणि करवतीचं तुटकं पातं मागितलं. मग एकेक गोळा बाहेर येऊ लागला. जवसाची काडी चिवट असते, तिला सुतासारखा धागा असतो. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याने ती ओढून घेतली होती आणि स्वतःभोवती दोरखंडासारखी गुंडाळली होती. वर सायलेन्सरच्या नळीला टेकलेला भाग काळा कोळसा झाला होता. त्यात अडकलेल्या बोंडांमधला जवस भाजून त्याचं तेल सुटलं होतं. गाडी पळत असते तोवर वारा वास घेऊन जातो. थांबली की तापलेली नळी त्याला भाजत बसते, आणि मग अंगणात वास येतो. दहा मिनिटांचं काम. मिस्त्री बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "झालं. जवसावरून गेले की थांबून एकडाव खाली पाह्यजो, बस. येवढंच."

मी म्हणालो, मागच्या वर्षीही फाल्गुनात असाच वास येत होता. बाबा गाडी चालवत होते तेव्हा.

"मंग मले काऊन नाई दाखवली?"

मी त्याला सगळं सांगितलं. चिंधीचं, चाबीचं, सगळं. तो पोत्यावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काकाजीच्या हातून चाबी घेतली तुमी, मास्तर?" आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या गाडीकडे गेला.

एक गोळा मी पेपरात बांधून घरी आणला. बाबा ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि पेपर उघडला. वर्गात शिकवतो तसं सगळं समजावून सांगितलं, दांडा कसा फिरतो, काडी कशी ओढली जाते, नळी कुठे असते.  म्हणालो, "बाबा, पौषातला तेवढा एक दिवस सोडला तर ब्रेक तुम्ही कधीच विसरला नव्हता. चूक माझी होती. साफ माझी होती."

त्यांनी तो काळा गोळा हातात घेतला. बोटांनी एक काडी सोडवली, ओढून तिचा चिवटपणा पाहिला. "हो, जवसच हाये," ते म्हणाले. मग गोळा नीट पेपरात परत ठेवला.

"पण ब्रेकबी वर राह्यत होता, बापा."

"नाही बाबा. नव्हता राहत."

"मले आठवते ना." ते अगदी शांतपणे, माझी समजूत काढावी तसं बोलत होते. "फाट्यावर पाणी प्यालो, गाडीत बसलो, अन् दांडा वर होता. मले अजून दिसून राह्यला. दर वेळीच होत असन तसं. बाईच्या घरून निघालो का माहं चित्त जाग्यावर राहत नव्हतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला सोडवण्यासाठी ते खोटं बोलत असते तर मी त्यांचे पाय धरले असते. पण ते खोटं बोलत नव्हते. जे कधी घडलंच नाही ते त्यांना लख्ख आठवत होतं. मी वर्षभर तेच सांगितलं होतं आणि त्यांनी ते शिकून घेतलं होतं.

मी खूप वेळ वाद घातला. मिस्त्रीला बोलावतो म्हणालो. हिंगणीच्या रस्त्याने आता, या क्षणी जाऊ, तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो म्हणालो. ते ऐकत होते आणि शेंगा सोलत होते. शेवटी मी चाबी काढून त्यांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं मिटवली. ते उठले. चाबी दुपट्ट्याने पुसून त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून हाताने दाबली.

"तुह्यापाशीच राहू दे," ते म्हणाले. "पोरगी बसते गाडीत."

त्यानंतर बाबा नऊ वर्षं होते. स्टिअरिंगवर पुन्हा बसले नाहीत.